दुसऱ्या मताची किंमत

गणिताला जात नसते, असं आम्हाला शाळेत सांगितलं. दोन अधिक दोन चार. बामणाच्या पोराने केले तरी चार, महाराच्या पोराने केले तरी चार. हे खरंच आहे. मी पंचवीस वर्षं पोरांना गणित शिकवतोय, मला त्याबद्दल शंका नाही. पण गणित सुरू व्हायच्या आधी एक शब्द येतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही. तो शब्द म्हणजे 'समजा'. समजा एक रस्ता आहे. समजा सगळ्यांना सारखीच माहिती आहे. समजा जो तो आपल्या फायद्याचं तेवढंच बघतो. बेरीज-वजाबाकी त्याच्यानंतरची. जात बसलेली असते ती या 'समजा'त, पाटावर, मांडी ठोकून.

अर्थशास्त्रवाले आणि राज्यशास्त्रवाले ज्याला मॉडेल म्हणतात ते हेच. खरं जग गुंत्याचं, म्हणून त्यातल्या चार गोष्टी ठेवायच्या, बाकीच्या टाकून द्यायच्या आणि उरलेल्यांचा हिशोब मांडायचा. कुंभार चाकावर घालायच्या आधी मातीतले खडे वेचून फेकतो तसं. फक्त इथं फेकलेल्या खड्यांत कुणाची तरी घरंदारं असतात. बाजारातली स्पर्धा, निवडणुकीतली स्पर्धा, नोकरीच्या गेटवरची स्पर्धा, सगळ्यांची अशी मॉडेलं झालेली आहेत. ती खोटी आहेत असं मी म्हणत नाही. उलट आपल्या पोरांनी ती शिकावीत म्हणून हे लिहितोय. मात्र शिकताना प्रत्येक मॉडेलला एक प्रश्न विचारायचा : यात किंमत कोण मोजतो? स्पर्धा न्याय्य कधी म्हणायची, तर नियम सगळ्यांना सारखा असेल तेव्हा, असं शहाणी माणसं सांगतात. सारखा नियम करणं फार सोपं असतं हो. एकाला हरवायला दुसऱ्याला काहीच खर्च येत नसेल, तर त्या सारख्या नियमाला स्पर्धा म्हणायचं का, हा माझा प्रश्न आहे.

सोप्यापासून सुरू करू. आंबिवली स्टेशनबाहेरचा रस्ता घ्या. समजा (बघा, आला शब्द) रस्ता सरळ आहे, दोन्ही बाजूंना सारखी वस्ती आहे, आणि वडापावच्या दोनच गाड्या आहेत. चव तीच, भाव तोच. गिऱ्हाईक जवळच्या गाडीवर जाणार. तर गाडीवाल्यांनी उभं कुठं राहायचं? गिऱ्हाइकांच्या सोयीचं बघायचं तर एक या अंगाला, एक त्या अंगाला. पण पहिला गाडीवाला जरा मधे सरकला की दुसऱ्याची चार गिऱ्हाइकं त्याची. मग दुसराही सरकतो. सरकता सरकता दोघंही रस्त्याच्या बरोबर मधोमध पाठीला पाठ लावून उभे. हॅरल्ड हॉटेलिंग नावाच्या अमेरिकन माणसाने १९२९ साली हे गणित मांडलं आणि तिथंच म्हणून ठेवलं की राजकीय पक्षांचंही असंच होतं. १९५७ मध्ये अँथनी डाऊन्सने त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. आमच्याकडे पुस्तकाची गरज नाही. मोहन्याच्या नाक्यावरच्या बॅनरवरचे चेहरे हाताने झाका, मजकूर वाचा आणि पक्ष ओळखून दाखवा.

या गणितात रस्त्याच्या टोकाला राहणारा माणूस मुकाट्याने चालत येतो. कितीही लांब पडलं तरी येतो. त्याला कुणी बोलवत नाही, कारण तो कुठं जाणार? येणारच आहे. १९४१ मध्ये आर्थर स्मिथीज नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने हा खडा उचलून परत मातीत टाकला. समजा लांब पडलं तर तो माणूस येतच नाही, घरीच भाकरी खातो. लगेच सगळं गणित बदललं. गाड्या मधोमध चिकटेनात. त्यांना टोकाकडे सरकावं लागलं. म्हणजे टोकाच्या माणसाची किंमत ठरते ती त्याच्या न येण्याच्या ताकदीवर. आणि आमची गावं? तिथं रस्ता वेशीपाशीच संपायचा. महारवाडा त्याच्या पलीकडं. आम्ही रस्त्याच्या टोकालाही नव्हतो. आम्ही कागदाच्या बाहेर होतो.

मतपेटीचं गणित याहून बारीक आहे. त्याच्यापाशी मला जास्त थांबायचंय.

१५ जानेवारी २०२६ ला कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची निवडणूक झाली. त्याआधीची २०१५ ची. तेव्हा एका वॉर्डाचा एक नगरसेवक होता. या वेळी पॅनल आलं. बहुतेक प्रभागांत चार जागा, अ, ब, क, ड, आणि मशिनवर चार वेळा बटण दाबायचं. मतदानाच्या आधी आमच्या वस्तीतल्या एका मावशींनी मला गाठलं. "मास्तर, सरकारनं आता चार-चार मतं दिली. म्हंजे आपली किंमत चौपट झाली का वो?" मी हसलो नाही. राज्यशास्त्राच्या वर्गात विचारावा असा हा प्रश्न आहे.

हिशोब असा. चार जुने वॉर्ड धरा, प्रत्येकात १०० मतदार. एका वॉर्डात आपली दाट वस्ती, ६० मतं. बाकीच्या तिघांत मिळून २५. जुन्या पद्धतीत पहिल्या वॉर्डात ६० विरुद्ध ४०, आपला माणूस निवडून आला. आता चारही वॉर्ड एकत्र करून पॅनल केलं. मतदार ४००, आपले ८५. अ जागेवर ८५ विरुद्ध ३१५. ब जागेवर ८५ विरुद्ध ३१५. क, ड, तसंच. पहिल्या जागेचं मत वाचवून दुसऱ्या जागेच्या उमेदवाराला देता येत नाही. म्हणजे मतं चौपट झाली आणि हार पण चौपट झाली. मावशींना म्हटलं, "मावशी, नोटा चार दिल्या, पण एका दुकानात एकच चालते."

कुणी म्हणेल, अनुसूचित जातीची राखीव जागा असतेच की पॅनलमध्ये. असते. तिथं उमेदवार आपल्या जातीचा, पण तो निवडणारे ४०० जण. त्यातले ३१५ दुसरे. दोन उमेदवार उभे राहिले, एकाला आपली सगळी ८५ मतं पडली आणि दुसऱ्याला त्या ३१५ मधली फक्त ८६ पडली, की दुसरा आमचा प्रतिनिधी! त्याने वस्तीत पाऊल नाही टाकलं तरी चालतं. त्याची भाकरी दुसऱ्या चुलीवर भाजलेली.

मत असणं आणि मताला वजन असणं या दोन गोष्टी आहेत, हे अमेरिकेत जॉन बांझाफ नावाच्या वकिलाने १९६५ मध्ये आकड्यांनी दाखवलं. न्यूयॉर्कजवळच्या नासाऊ परगण्याच्या मंडळात सहा प्रतिनिधींना लोकसंख्येप्रमाणे मतं वाटून दिली होती : ९, ९, ७, ३, १ आणि १. बेरीज ३०, ठराव पास व्हायला १६ पाहिजेत. आता पोरांनो, पाटी घ्या. मोठ्या तिघांतले कोणतेही दोघं एकत्र आले की १६ किंवा जास्त होतात, ठराव पास. धाकट्या तिघांनी मिळून एका मोठ्याला साथ दिली तर ९ अधिक ५, चौदा. नापास. म्हणजे धाकट्या तिघांनी हात वर केला काय, खाली ठेवला काय, कोणत्याही ठरावात फरकच पडत नाही. मंडळात खुर्ची आहे, मत आहे, सही आहे. वजन शून्य. कायद्यात कुठं त्यांच्याविरुद्ध एक अक्षर नव्हतं.

हे सगळं बाबासाहेबांना कोण्या बांझाफच्या आधी तीसेक वर्षं कळलेलं होतं. ते अर्थशास्त्राचे विद्यार्थी, हे आपण पुतळ्याला हार घालताना विसरतो. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना दोन मतं मिळाली होती. एक स्वतःच्या स्वतंत्र मतदारसंघात, दुसरं सर्वसाधारण मतदारसंघात. २४ सप्टेंबरला येरवड्यात पुणे करार झाला. राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या आणि दुसरं मत गेलं. जागा दुप्पट झाल्या म्हणून कुणी पेढे वाटले असतील. पण १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवरच्या पुस्तकात बाबासाहेबांनी त्या गेलेल्या दुसऱ्या मताला अनमोल म्हटलं, आणि त्याचं कारण शुद्ध हिशोबाचं होतं. सर्वसाधारण मतदारसंघात उभ्या राहिलेल्या सवर्ण उमेदवाराला आमच्या त्या दुसऱ्या मतासाठी आमच्या दारात यावं लागलं असतं. आम्हाला लाथाडणं त्याला महाग पडलं असतं. जागा म्हणजे खुर्ची. दुसरं मत म्हणजे समोरच्याच्या खिशात घातलेला हात. करारात खुर्च्या वाढवून दिल्या आणि हात काढून घेतला.

पुढचं मात्र फार कमी लोक सांगतात. १९३७ ची निवडणूक. मुंबई इलाख्यात एकाहून जास्त जागांच्या मतदारसंघांत संचयी मतदान होतं. म्हणजे जितक्या जागा तितकी मतं, आणि ती वाटायची की सगळी एकाच उमेदवाराच्या टोपलीत टाकायची हे मतदाराने ठरवायचं. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष तेव्हा जेमतेम सहा महिन्यांचा. १७ उमेदवार उभे केले, बहुतेक सगळे निवडून आले. स्वतः बाबासाहेब भायखळा-परळमधून उभे. समोर काँग्रेसने पळवणकर बाळू यांना आणलं होतं. १९११ साली इंग्लंडमध्ये जाऊन भल्याभल्यांच्या दांड्या उडवून आलेला चांभार समाजाचा थोर गोलंदाज. बाळूंबद्दल मला आदरच आहे, त्यांना कुणी कशासाठी वापरलं हा वेगळा विषय. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी जिंकले.

आणि १९५२. स्वतंत्र भारत, प्रौढ मताधिकार, राज्यघटनेचा शिल्पकार उमेदवार. मुंबई उत्तर, दोन जागांचा मतदारसंघ, एक सर्वसाधारण, एक राखीव. मतं प्रत्येकाला दोन. पण नियम बदललेला. एका उमेदवाराला एकच मत. दोन्ही एकाला घातली तर एक बाद. काँग्रेसचे काजरोळकर जिंकले, बाबासाहेब सुमारे साडेचौदा हजारांनी पडले. सुमारे ७४ हजार मतं बाद झाली होती. त्यावर बाबासाहेब आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज केला, तो फेटाळला गेला. आणखी एक आकडा बघा. मेहता आणि बाबासाहेब यांच्या पक्षांची युती होती, तरी मेहतांना बाबासाहेबांपेक्षा सोळा हजारांवर मतं जास्त पडली. हारजितीच्या फरकाहून हा फरक मोठा! मित्रपक्षाच्या मतदाराने पहिलं मत आपल्या माणसाला घातलं. दुसरं घालताना काहींचा हात वळला.

आता दोन्ही नियम शेजारी शेजारी ठेवा. १०० मतदार, दोन जागा, आपले २०, दुसरे ८०. १९५२ च्या नियमाने त्या ८० जणांनी पहिलं मत आपल्या सवर्ण उमेदवाराला दिलं. दुसरं त्याला परत देताच येत नाही. मग ते पडून आहे. त्याचं काय करायचं? आपला माणूस पाडायला वापरायचं. ८० मधल्या २१ जणांनी ते पक्षाच्या राखीव उमेदवाराला टाकलं की काम झालं. खर्च काय आला? काही नाही. तुकारामाच्या बैलाला चारा घालायला आपली पेंढी मोडावी लागली नाही. १९३७ च्या नियमाने आपले २० जण ४० मतं एकाच टोपलीत टाकतात. त्याला पाडायला समोरच्यांना ४१ मतं लागतात, आणि त्यातलं एकेक मत त्यांच्या स्वतःच्या माणसाच्या टोपलीतून काढावं लागतं. अशक्य नाही. पण फुकट नाही. तिकडे त्यांच्यात त्यांच्यात सर्वसाधारण जागेची मारामारी चालू असते, तेव्हा कोण कशाला आपलं मत मोडेल?

१९५२ ला संचयी मतदान असतं तर बाबासाहेब नक्की निवडून आले असते, असं मी म्हणत नाही. १९३७ चे मतदार थोडे आणि वेगळे होते. १९५२ ला काँग्रेसचं वारं होतं, मुंबईत डांगे उभे होते, मतं चार दिशांना गेली. गणित त्यातलं एक कारण होतं. पण वाऱ्याला कुणी बांधू शकत नाही. नियम माणसं लिहितात. तो लिहिणाऱ्यांना दोन नियमांतला फरक कळत नव्हता असं मानायला मी तयार नाही. दोन जागांचे मतदारसंघच १९६१ च्या कायद्याने मोडीत निघाले, एवढं या कथेचं शेपूट.

आता खरा नैतिक पेच. १९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. परत दोन जागा, परत तोच नियम. कार्यकर्त्यांची हकिकत अशी सांगितली जाते, की त्यांनी बाबासाहेबांना सुचवलं : आपल्या लोकांना सांगू, एकच मत टाका, दुसरं जाळून टाका. दुसरं मत कुणालाच मिळालं नाही तर दुसरे पक्ष आपल्याशी नीट बोलणी करतील. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. घटना लिहिणाऱ्याने मत जाळा म्हणून कसं सांगायचं? अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब सुमारे आठ हजारांनी पडले.

ही हकिकत मी चहाच्या टपरीवर, विहारात, लग्नाच्या पंगतीत ऐकलीय आणि दर वेळी दोन तट पडतात. एक म्हणतो, साहेब भोळेपणाने हरले, लबाडांशी सरळ वागून चालत नाही. दुसरा हात जोडतो आणि डोळे पुसतो. मला दोन्ही पटत नाहीत. बाबासाहेब भोळे नव्हते. मत जाळण्याचं गणित त्यांना कार्यकर्त्यांपेक्षा जास्त कळत होतं. त्यांच्या समोर असे लोक होते ज्यांच्या हातात हजारो वर्षांत पहिल्यांदा, दोनच वर्षांपूर्वी, मताचा कागद आला होता. त्यांना त्यातला एक जाळा म्हणून शिकवायचं? आज डावपेच म्हणून जाळलं, उद्या वैतागून जाळतील, परवा पाचशे रुपयांना विकतील. मतदार म्हणजे सोंगटी नव्हे. म्हणून नकार बरोबर होता, असं माझं मत आहे. पण ज्या नियमाखाली माणसाला प्रामाणिकपणा आणि प्रतिनिधित्व यांतलं एकच निवडावं लागतं, त्या नियमाला निर्दोष कसं म्हणायचं? बाबासाहेबांच्या चारित्र्यावर फुलं वाहून नियमाची सुटका करून घेणारे पुष्कळ आहेत. त्यांनी त्या नकारावर आपली पोळी भाजून घेतली.

इथं एक मित्र मला नेहमी अडवतो. बँकेत आहे, वाचणारा आहे, आपल्यातलाच आहे. म्हणतो, "तू सारखा 'आपली ८५, त्यांची ३१५' करतोस. हाच जातवाद. माणूस जातीने मत देतो हे तूच धरून चाललास." बरोबर पकडलं. माझ्याही हिशोबात 'समजा' आहेच. पण त्याने जरा पुढं बघावं. स्वतंत्र मतदारसंघ मतदाराला जात विचारतो. राखीव जागा उमेदवाराला जात विचारते. संचयी मतदान कुणालाच काही विचारत नाही. चार मतं घे, कुठं टाकायची ती टाक. घरकामाला जाणाऱ्या बायांनी ती आपल्यातल्या एकीला द्यावीत. बंद गिरणीच्या कामगारांनी आपल्यातल्या एकाला द्यावीत, मग तो कोणत्याही जातीचा असो. 'आपला' कोण हे दुसऱ्याने ठरवायचं नाही, ज्याचं त्याने ठरवायचं. जात मोडायची असेल तर याहून मोकळी वाट मला दिसत नाही.

किंमत कोण मोजतो हा प्रश्न मतपेटीपुरता नाही. पोटाच्या बाजारातही तोच. शिकागोचे गॅरी बेकर यांनी १९५७ मध्ये भेदभावाचं गणित मांडलं. त्यातून निघणारा आशेचा धागा असा : चांगला कामगार केवळ जातीमुळे, रंगामुळे नाकारणारा मालक स्वतःचंच नुकसान करून घेतो. त्याला वाईट माणूस जास्त पगारावर ठेवावा लागतो. शेजारचा मालक भेदभाव करत नाही, त्याचा माल स्वस्त पडतो. बाजार चालू ठेवा, स्पर्धा खुली ठेवा, भेदभाव हळूहळू मरेल. ऐकायला किती गोड! इथं किंमत भेदभाव करणारा मोजतो.

आमच्या इकडे बघा. मोहन्याची एनआरसी २००९ साली बंद पडली आणि हजारो कसबी हात एका दमात रिकामे झाले. गेटबाहेर एका जागेला पन्नास माणसं उभी असतात तेव्हा त्यातली दहा आडनावावरून गाळली तर मालकाला काय तोटा? चाळीस उरलेच. भेदभाव त्याला फुकटात पडतो. बेकरचं 'समजा' होतं की गेटबाहेर रांग नाही. मोठ्या खाजगी कंपन्यांचंही वेगळं नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये छापून आला. एकाच शिक्षणाचे अर्ज, फक्त आडनावं वेगळी. दलित आडनावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या मानाने साधारण दोन-तृतीयांश निघाली. बेकरचं पुस्तक येऊन तेव्हा ५० वर्षं झाली होती.

१९७६ मध्ये जॉर्ज अकरलॉफ या दुसऱ्या अमेरिकन माणसाने सरळ जातीचंच मॉडेल केलं. त्याला पुढं २००१ चं नोबेल मिळालं, ते दुसऱ्या कामासाठी. त्याचं मॉडेल वाचताना मला आमच्या आजीच्या गोष्टी आठवल्या. गावाचा नियम आहे : जो महाराला हॉटेलात कपाने चहा देईल तो वाळीत. आणि वाळीत टाकलेल्याशी जो व्यवहार करेल तोही वाळीत. आता समजा गावातल्या एकालाही मनातून हा नियम आवडत नाही. तरी तो टिकतो! कारण पहिला मोडणारा एकटा मरतो. वाण्याचं दुकान बंद, न्हावी येत नाही, पोरीचं लग्न अडतं. जो तो दुसऱ्याकडे बघत बसतो. बेकरच्या मॉडेलमध्ये भेदभाव करणाऱ्याला दंड होता. अकरलॉफच्या मॉडेलमध्ये दंड आहे तो भेदभाव न करणाऱ्याला. आता सांगा, आपली गावं कुणाच्या मॉडेलमध्ये बसतात? १९३० साली स्टार्ट समितीने, ज्यात बाबासाहेब सभासद होते, मुंबई इलाख्यातल्या सामाजिक बहिष्काराचं वर्णन केलंय. आमच्या माणसाने हक्क मागितला की मजुरी बंद, दुकान बंद, वाट बंद. ते वाचून अकरलॉफकडे यावं. मॉडेल इथलंच आहे, फक्त इंग्रजी कागदावर लिहिलेलं.

त्यातच सुटकेची वाटही आहे. एकटा मरतो, पण नियम मोडणाऱ्यांचा जथा इतका मोठा झाला की त्यांचा आपसांत व्यवहार चालू शकतो, तर वाळीत टाकण्याची धार बोथट होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी एकदम धम्म घेतला, एकेकट्याने नव्हे. त्यामागं श्रद्धा होती, अभ्यास होता, वीस वर्षांचा विचार होता. गणितसुद्धा होतं असं म्हटलं तर कुणाचा अपमान होऊ नये. एकट्याने मढं ओढणं नाकारलं तर त्याची पाठ सोलली जायची. गावच्या गावाने नाकारलं तेव्हा मढं ज्याचं त्याच्या दारात राहिलं. किंमत फिरली. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. त्याचंही मर्म तेच, वाळीत टाकणाऱ्याला दंड आणि तुरुंग. कायदा कितपत वापरला जातो हे आपण गावोगाव बघतोच. पण 'किंमत कोणी मोजायची' हा प्रश्न त्याने बरोबर जागी ठेवलाय.

मग मतपेटीत ती बरोबर जागी का ठेवत नाहीत? अवघड आहे म्हणून? मला हसू येतं. आमदार राज्यसभेचे खासदार निवडतात ते एकल संक्रमणीय मताने, प्रमाणशीर. तिथं छोट्या गटालाही त्याच्या आकाराएवढी जागा मिळते. आपापसांत वाटून घेताना यांना प्रमाण कळतं. कंपनी कायदा २०१३, कलम १६३. कंपनीने ठरवलं तर संचालकांची निवडणूक संचयी मतदानाने घ्यायला परवानगी. का? तर थोडे शेअर असणारा मोठ्यांखाली चिरडला जाऊ नये. १९५६ च्या कायद्यातही ही तरतूद होती. शेअर अल्प असले तर संरक्षण आहे. माणसं अल्प असली तर पॅनल. बाबासाहेबांनी १९५५ साली भाषिक राज्यांवरच्या पुस्तकात पर्याय लिहून ठेवलाय : एकेरी मतदारसंघ बंद करा, दोन-तीन जागांचे करा आणि संचयी मतदान ठेवा, म्हणजे अल्पसंख्याकांची भीती जाईल. पॅनलवाल्यांनी त्यातला अर्धा भाग तेवढा उचलला.

मावशींचं पॅनल परत घेऊ. ४०० मतदार, आपले ८५, जागा चार. चारही मतं एका टोपलीत टाकायची मुभा दिली तर आपली ३४०. समोरच्या ३१५ जणांची मतं १२६०. चारही जागा घ्यायच्या तर त्यांना ती चौघांत वाटावी लागणार, प्रत्येकी ३१५. आपला एक निवडून आला, त्यांचे तीन. हेच मतदार, हीच माणसं, हीच मशिनं. अमेरिकेत अलाबामातल्या चिल्टन परगण्यात १९८८ ला असंच केलं, सात जागा आणि सात मतं. लोकसंख्येत काळे सुमारे बारा टक्के होते, आणि तिथल्या मंडळावर पहिला काळा माणूस निवडून आला. इलिनॉय राज्यात १८७० ते १९८० विधानसभा याच पद्धतीने निवडली जात होती. आकाश कोसळलं नाही.

यातलं एक कोडं मला अजून सुटलेलं नाही, ते मांडून थांबतो. चार जागांच्या प्रभागात एक जागा हमखास यायला मतदारांचा पाचवा हिस्सा आणि वर थोडं पाहिजे. आपण दाट वस्तीवाले तिथवर पोचतो. पण आमच्याच पट्ट्यातल्या कातकरी वाड्यांचं काय? इराणी वस्तीचं काय? ती माणसं पाचवा हिस्सा कधीच होणार नाहीत. त्यांच्यासमोर ३४० वाले आपण असू, आणि त्यांना वगळणं आपल्याला फुकटात पडेल. नऊ जागांचा प्रभाग केला तर दहाव्या हिश्श्यावर भागतं. पण तेवढा प्रभाग आंबिवलीपासून पार टिटवाळ्याच्या पुढं जाईल, आणि वाडीतल्या बाईने नळाची तक्रार घेऊन नगरसेवकाला शोधायचं कुठं? दोन-तीन वाड्यांनी आणि एखाद्या चाळीने मिळून टोपली एक करायची म्हटलं, तर ती कुणी आणि कशाच्या बदल्यात करायची, हेही बघावं लागेल. ज्याला हिशोब बसवता येईल त्याने पुढच्या अंकासाठी लिहून पाठवावं. आकडे मांडून पाठवावं.